शेवटची तीस पावले : स्थानपोथी, जिओकॅशिंग आणि पत्त्याचे मराठी वाक्य

पत्ता सांगताना मराठी माणूस आकड्यांवर फारसा विसंबत नाही. घर क्रमांक, प्लॉट क्रमांक पाकिटावर लिहिले जातात. तोंडी पत्ता मात्र 'समोर', 'मागे', 'लागून', 'अलीकडे', 'पलीकडे', 'उतरल्यावर डाव्या हाताला' अशा शब्दांनीच पुरा होतो. या शब्दांनी बनणारे वाक्य आपण रोज बोलतो आणि म्हणूनच त्याच्याकडे भाषेचा ऐवज म्हणून पाहत नाही. निबंध, प्रवासवर्णन, ललितगद्य यांची समीक्षा होते. वाट सांगणाऱ्या गद्याची होत नाही. ते गद्य उपयोगाचे, आणि उपयोगाचे म्हणजे वाङ्मयाबाहेरचे, असा एक अलिखित समज दिसतो.

या समजाला छेद देणारे दोन मजकूर प्रस्तुत लेखात शेजारी ठेवायचे आहेत. एक आहे महानुभाव पंथाची 'स्थानपोथी', चौदाव्या शतकातली मानली जाणारी. दुसरा आहे जिओकॅशिंग या खेळातून गेल्या पंचवीस वर्षांत जगभर साचलेला, बहुतांशी इंग्रजी मजकूर. दोघांत साडेसहाशे वर्षांचे अंतर आहे, श्रद्धा आणि करमणूक एवढा हेतूंचा फरक आहे. तरी दोघांचे काम एकच : जो कधी तिथे गेलेला नाही त्याला नेमक्या जागेवर उभे करणे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आकडा माणसाला जागेच्या जवळ नेतो आणि शेवटची तीस पावले वाक्य नेते. इंटरनेटच्या रोजच्या वापरात आपण हे वाक्य सोडून देत आहोत, आणि त्याबरोबर काय जाते याचा हिशेब अजून मांडलेला नाही.

सुरुवातीलाच एक खुलासा. जिओकॅशिंग मी खेळत नाही, वाचते. बदलापूर ते मुंबई या रोजच्या लोकल प्रवासात वाचनाच्या ज्या सवयी लागल्या, त्यांतली ही एक. कोणा अनोळखी माणसाने कुठल्याशा अनोळखी रानात डबी कशी शोधली, याच्या नोंदी वाचताना मला महानुभाव गद्याची आठवण होऊ लागली. तिथून हा शोध सुरू झाला.

१. डबीचा खेळ

'कॅश' म्हटले की आपल्याकडे रोकड आठवते. इथला शब्द वेगळा. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदातून तो इंग्रजीत आला. खेळाची जन्मतारीख निश्चित सांगता येते, असे फार थोड्या खेळांबाबत घडते. उपग्रहांवरून स्थान सांगणारी अमेरिकन यंत्रणा, म्हणजे जीपीएस, नागरी वापरासाठी खुली होती. पण तिच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला जागा सुमारे १०० मीटरच्या फरकाने कळे. २ मे २००० रोजी ही चूक काढून टाकण्यात आली आणि फरक एकदम दहा-वीस मीटरांवर आला. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाने ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रस्त्याकडेला एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत नोंदवही, पेन्सिल, पुस्तके, एक गलोल आणि एक डबाबंद घेवड्याचा डबा होता. नियम एकच : काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवले आणि सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी त्याचे संकेतस्थळ सुरू केले. आज जगात अशा तीस लाखांहून अधिक डब्या असल्याचे सांगितले जाते.

खेळाला पूर्वज आहे. इंग्लंडच्या डार्टमूर माळावर क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी १८५४ साली जेम्स पेरॉट या वाटाड्याने एक बरणी ठेवली. तिथवर चालत जाणाऱ्याने आपले भेटकार्ड तीत टाकायचे. पुढे लोक स्वतःच्या पत्त्याचे कार्ड ठेवू लागले, आणि नंतर येणाऱ्याने ते टपालात टाकायचे अशी रीत पडली. म्हणजे उपग्रह, इंटरनेट यांच्या आधीही मुळात तीन गोष्टी होत्या : अवघड जागा, पात्र आणि एका अनोळखी माणसाने दुसऱ्यासाठी ठेवलेला विश्वास. उपग्रहाने फक्त वाटाड्याचे काम घेतले.

आता डबीचे स्वरूप पाहू. ती कधी मोठ्या जेवणाच्या डब्याएवढी असते, कधी जुन्या फोटो-फिल्मच्या डबीएवढी, तर कधी पेन्सिलीच्या टोकावरच्या खोडरबराहून लहान. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे. शोधाची आणि वाटेची अवघडता एक ते पाच अशा पायऱ्यांत सांगायची. नवी डबी जाहीर होण्याआधी स्वयंसेवक परीक्षक तिची नोंद तपासतो. खेळ न खेळणाऱ्या आजूबाजूच्या माणसांना खेळाडू 'मगल' म्हणतात. हा शब्द हॅरी पॉटरच्या गोष्टींतून घेतलेला. या शब्दाकडे पुढे परत यायचे आहे.

२. नोंदीचे गद्य

प्रत्येक डबीच्या पानाला तीन भाग असतात. पहिले वर्णन, दुसरी खूण, तिसऱ्या शोधणाऱ्यांच्या नोंदी. समीक्षकाला तिन्हींत वेगवेगळे गद्य भेटते.

वर्णन ठेवणाऱ्याचे असते. चांगला ठेवणारा डबी ठेवण्याआधी जागा निवडतो आणि जागा का निवडली ते सांगतो. इथे पूर्वी गिरणी होती, या पुलावरून शेवटची आगगाडी अमुक साली गेली, या खडकात समुद्राच्या लाटांच्या खुणा दिसतात. वाईट ठेवणारा वाहनतळावरच्या दिव्याच्या खांबाला लोहचुंबकाने डबी चिकटवतो आणि आकडे देऊन मोकळा होतो. खेळाडूंतही या दुसऱ्या प्रकाराविषयी नापसंती आहे. त्यांच्या नापसंतीत एक नकळत केलेली समीक्षा आहे : जागेला कारण हवे.

खूण हा मला सर्वांत रस वाटलेला भाग. उघड्या आभाळाखाली फोनला जागा साधारण पाच मीटरच्या फरकाने कळते. दाट झाडीत, दरीत, उंच इमारतींमध्ये हा फरक कितीतरी वाढतो. आकडा संपतो तिथे खूण सुरू होते. गुडघ्याच्या उंचीवर, आडव्या खोडाच्या उत्तरेकडच्या टोकाला, दगडासारख्या दिसणाऱ्या दगडाखाली. अशा चार-सहा शब्दांत काम होते. ही खूण पानावर सांकेतिक लिपीत छापलेली असते : प्रत्येक रोमन अक्षराऐवजी तेरा घरे पुढचे अक्षर. किल्ली शेजारीच दिलेली असते. म्हणजे गुपित राखणे हा हेतू नाही. वाचायची की न वाचता शोधायचे, हा निर्णय वाचकाने जाणूनबुजून घ्यावा एवढ्यासाठी हा पडदा.

नोंदी शोधणाऱ्यांच्या. सुरुवातीच्या वर्षांतल्या नोंदी दीर्घ आहेत. घरून किती वाजता निघालो, कुठे चुकलो, कोणता पक्षी दिसला, मुलीच्या बुटात पाणी कसे गेले, डबी सापडल्यावर काय वाटले. हे लोक लेखक नव्हते. संध्याकाळी घरी परतून टेबलाशी बसून ते लिहीत, आणि मधल्या काही तासांत अनुभव मुरलेला असे. स्मार्टफोन आल्यावर नोंद जागेवरच होऊ लागली. एका हातात डबी, दुसऱ्या हाताचा अंगठा पडद्यावर. 'डबीबद्दल आभार' या अर्थाची चार रोमन अक्षरे हे आता अनेक नोंदींचे पूर्ण शरीर असते. एका वाङ्मयप्रकाराचा उदय आणि ऱ्हास तारखांसह पाहायला मिळावा, असे समीक्षकाच्या नशिबी क्वचित येते. इथे तो डोळ्यांसमोर आहे. कारण आळस नव्हे. लिहिण्याची जागा आणि लिहिण्याची वेळ एकत्र आल्या, आणि त्यांच्यामधली चाल नाहीशी झाली.

३. स्थानपोथी

चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस गोळा केल्या, त्यातून 'लीळाचरित्र' तयार झाले. म्हाइंभटांची पद्धत आजच्या संशोधकालाही हेवा वाटावी अशी : ज्याने पाहिले, ऐकले, त्याच्याकडे जायचे आणि विचारायचे. मूळ पोथी पुढच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी त्यांनी एकमेकींत मिसळून गुळगुळीत केल्या नाहीत. 'वासना' म्हणून वेगळ्या नोंदवल्या.

'स्थानपोथी' ही याच वृत्तीची पुढची पायरी. मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेला हा ग्रंथ वि. भि. कोलते यांनी संपादित केला. लीळाचरित्रात जी लीळा घडली ती नेमकी कुठे घडली, हे स्थानपोथी सांगते. स्वामींचा दीर्घ मुक्काम झाला ते अवस्थान, रात्र काढली ती वसती, बसले ते आसन. लघुशंकेची जागाही, परिश्रयस्थान म्हणून, तितक्याच गांभीर्याने नोंदलेली आहे. पहिल्यांदा वाचणारा इथे थबकतो. पण ग्रंथाची निष्ठाच अशी, की स्पर्श झालेली कुठलीही जागा गाळायची नाही.

या ग्रंथाचे गद्य अलंकाररहित आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, आवाराला दार कुठे, पटिशाळा कोणत्या बाजूला, तिच्या कोणत्या कोपऱ्यात आसन, तिथून कोणत्या कोनाला दुसरे स्थान. वाक्ये लहान आणि क्रम चालणाऱ्याच्या पावलांचा. आधी गाव, मग गावाची बाजू, मग देऊळ, मग देवळातला कोपरा. वाचताना लक्षात येते की हे वाक्य कागदासाठी घडलेले नाही. कोणीतरी पुढे चालत मागच्याला सांगत आहे, त्याचा हा लेख आहे. अशा स्थानांवर पुढे ओटे बांधले गेले आणि आजही महानुभाव भाविक तिथे नमस्कार करतात.

आता जिओकॅशिंगच्या १६१ मीटरांच्या नियमाशी ताडून पाहा. स्थानपोथीत एकाच देवळाच्या आवारात हातभर-दोन हातांवर स्थाने येतात. उपग्रहाला ती वेगळी करता येणार नाहीत; फोनच्या दृष्टीने तो एकच बिंदू. वाक्याला ती सहज वेगळी करता येतात. अचूकतेच्या बाबतीत चौदाव्या शतकातले मराठी वाक्य आजच्या यंत्राच्या पुढे आहे, हे विधान अतिशयोक्त वाटेल; पण त्या शेवटच्या काही हातांपुरते ते अक्षरशः खरे आहे.

यापेक्षा महत्त्वाचा एक गुण आहे. जागा दाखवण्यासाठी पोथीकाराला आजूबाजूच्या गोष्टींचा आधार घ्यावा लागला. त्या गोष्टी त्याच्या विषय नव्हत्या, केवळ खुणा होत्या. आज त्यांतली कितीतरी देवळे, तट, वेशी उरलेल्या नाहीत. यादवकालीन गावांची आणि देवळांची रचना समजून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला या आनुषंगिक खुणाच मोलाच्या ठरतात. अॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातील तीर्थभूगोलाचा जो अभ्यास केला, त्यातही या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. वाट सांगण्यासाठी लिहिलेले वाक्य वाट बुजल्यावर इतिहास झाले. अक्षांश-रेखांशाच्या आकड्याला ही शक्यता नाही. तो आपल्या शेजाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही.

४. दोन गद्यांतला भेद

साम्ये मोहक असतात, म्हणून भेदही नोंदले पाहिजेत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहिले; विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी तिची उकल करेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना ते बंदच होते. जिओकॅशिंगची खूणही सांकेतिक लिपीत असते हे आपण पाहिले. पण एका लिपीने पंथाचे ज्ञान पंथात राखले आणि दुसरीने केवळ खेळाची गंमत राखली. या साम्यावर सिद्धान्त उभारणे योग्य नाही.

खरा भेद जागेच्या कारणात आहे. स्थानपोथीत आधी घटना, मग जागा. तिथे काही घडले म्हणून आपण तिथे जातो. जिओकॅशिंगमध्ये आधी डबी, मग जागा. डबी उचलली तर जागा पुन्हा नुसती झाडी उरते. खेळाला हे जाणवले असावे, कारण त्यानेच 'अर्थकॅश' नावाचा प्रकार काढला. त्यात डबी नसते. अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेच्या सहकार्याने २००४ पासून चालणाऱ्या या प्रकारात खडक, धबधबा, भूस्तर पाहायचा आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. इथे जागा स्वतःच कारण होते. माझ्या मते खेळाने केलेली ही सर्वांत चांगली आत्मसमीक्षा आहे.

दुसरा भेद माणसांचा. स्थानपोथीतल्या जागा वस्तीत आहेत. तिथे पुजारी, गावकरी, वाटसरू आहेत आणि स्थान कुठे हे विचारायचे तर त्यांनाच. जिओकॅशिंगमध्ये विचारणे हा खेळाचा भंग ठरतो. आजूबाजूचा माणूस हा 'मगल', त्याच्या नजरेआड काम उरकायचे. जागेविषयी सर्वाधिक माहिती ज्याला आहे तोच माणूस खेळाच्या रचनेत बाहेरचा झाला. खेळाडू सहृदय असतात, निसर्ग स्वच्छ करण्याचे उपक्रमही करतात. प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नाही. विचारायची गरज संपली की माणूस जागेतून कसा वजा होतो, त्याचा हा शब्द उत्तम नमुना आहे.

५. हा खेळ आपल्याकडे का रुजला नाही

महाराष्ट्रात डब्या मुळीच नाहीत असे नाही, पण युरोप-अमेरिकेसारखा हा छंद इथे घरोघरी गेला नाही. कारण तंत्रज्ञानाचे मागासलेपण म्हणून सांगणे सोपे आहे. फोन तर सर्वांच्या हाती आहेत. मला तीन कारणे दिसतात.

पहिले, बेवारस वस्तू. उपनगरी प्रवाशाच्या कानांवर रोज उद्घोषणा पडते की बेवारस वस्तूला हात लावू नका. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. तेव्हापासून आडोशाला ठेवलेला डबा म्हणजे काय, याचे उत्तर इथल्या माणसाच्या अंगात भिनलेले आहे. ज्या समाजात लपवलेली डबी निरागस मानली जाते तिथेच हा खेळ चालतो. ही निरागसता आपल्याला परवडत नाही.

दुसरे, नकाशांशी असलेले नाते. आपल्याकडे तपशीलवार नकाशा ही दीर्घकाळ सरकारी, जपून ठेवायची वस्तू होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीची आणि लोकांसाठीची अशा दोन वेगळ्या नकाशामाला केल्या. भूस्थानिक माहितीवरची बंधने मोठ्या प्रमाणात सैल झाली ती २०२१ साली. आकड्यांनी रान वाचण्याची सवय लागायला जो खुला नकाशा हवा, तो उशिरा आला.

तिसरे कारण बाईचे. एकटी बाई हातात फोन धरून झुडपामागे वाकून काहीतरी शोधते आहे, हे दृश्य आपल्या कुठल्याही गावाच्या वेशीवर कल्पून पाहा. दहा मिनिटांत चार प्रश्न येतील. म्हणून महदाइसा मला पुनःपुन्हा आठवते. सातशे वर्षांपूर्वी ती स्वामींना अखंड प्रश्न विचारत होती, आणि तिच्या पंथाने अटन, म्हणजे फिरणे, हा साधनेचा भाग मानला होता. बाईला फिरायला कारण लागते. श्रद्धेने ते कारण दिले. खेळाला अजून ते देता आलेले नाही.

मग शोधाची ही भूक आपल्याकडे कुठे गेली? डोंगरात गेली. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गलेखनाने किल्ल्यांची ओढ लावली. प्र. के. घाणेकरांचे 'साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची!!' आणि आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' यांनी ती ओढ वाटेला लावली. इंटरनेट आल्यावर डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेने किल्ल्यांची माहिती मराठीत संकेतस्थळावर ठेवली. तिची ठरलेली उपशीर्षके हजारो भटक्यांना पाठ आहेत : इतिहास, पहाण्याची ठिकाणे, पोहोचण्याच्या वाटा, राहाण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, जाण्यासाठी लागणारा वेळ. इंटरनेटवरच्या मराठी गद्याचा इतिहास कोणी लिहिला तर या पानांना त्यात मानाचे स्थान द्यावे लागेल. स्थानपोथीचाच हा वारसा आहे, भले तो लिहिणाऱ्यांच्या मनात नसेल. आधी घटना, मग वाट, मग वाटेवरचा आधार. आमच्या बदलापूरच्या क्षितिजावर चंदेरीचा सुळका दिसतो. नकाशावर तो एक टिंब आहे. पण पावसाळ्यात नाळेतून चढताना कुठे सांभाळायचे, गुहा कुठे, पाणी कुठे, हे वाक्यानेच कळते. टिंबावर भरवसा ठेवून निघालेला माणूस वाट चुकतो तेव्हा त्याला शोधायला जातो तो पायथ्याच्या गावातला माणूसच.

६. मांजर्लीतला पत्ता

आता घराजवळ यायला हवे, कारण हा विषय रानापुरता असता तर मी लेख लिहिला नसता. मांजर्ली हे बदलापूर पश्चिमेचे जुने गाव, आता कुळगाव-बदलापूर नगरपालिकेच्या हद्दीतली इमारतींची वस्ती. शेजारची हेंद्रेपाडा, वालिवली, सोनिवली ही नावेही गावपाड्यांचीच. बदलापूर या नावाचा संबंध घोडे बदलण्याच्या ठाण्याशी जोडणारी आख्यायिका इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ती खरी की खोटी हा वेगळा प्रश्न. गावाच्या नावाला एक लीळा असावी, ही गरज त्यातून दिसते.

गेली काही वर्षे मी जुन्या लग्नपत्रिका जमवते आहे. मजकुरासाठी नव्हे, खालच्या पत्त्यासाठी. जुन्या पत्रिकेत विवाहस्थळाखाली एक ओळ हमखास असे : स्टेशनच्या पश्चिमेस, देवळापुढून डाव्या हाताला, गिरणीच्या मागे, विहिरीला लागून. या एका ओळीत त्या काळचे गाव आहे. गिरणी बंद झाली, विहिरीवर स्लॅब पडला, तिथे आता वाहने लावतात. पण ओळ शाबूत आहे. नव्या पत्रिकांत त्या जागी चौकोनी काळे-पांढरे चिन्ह असते; फोन समोर धरला की नकाशा उघडतो. पाहुणा अचूक पोचतो. तीस वर्षांनी ती पत्रिका हाती घेणाऱ्याला मात्र त्या चौकोनातून काहीच वाचता येणार नाही.

आकड्याला सरसकट नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला. तो रचणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, आणि संस्कृत कवी व नाटककार. शब्दांत रमणाऱ्या माणसाने देशाला आकडा दिला, ही गोष्ट मला नेहमी सुखावते. बदलापूरचा ४२१५०३ हा आकडा पाहा : पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. आकडा पत्र कार्यालयापर्यंत आणतो आणि थांबतो. पुढचे काम पत्त्याच्या ओळीचे आणि पोस्टमनचे. या रचनेत आकड्याला आपली मर्यादा ठाऊक होती.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' आणला. देशाची सारी भूमी सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागून प्रत्येकाला दहा चिन्हांची ओळख दिली. ज्यांच्या घराला रस्त्याचे नाव नाही, ज्यांना रुग्णवाहिका बोलवायची आहे, त्यांना याचा उपयोग होईल. तो नाकारणे दुराग्रह ठरेल. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. फोनची चूक अनेकदा त्या चौकोनाहून मोठी असते. आणि चौकोन जमिनीवरचा आहे. चार मजल्यांच्या इमारतीत तो सर्व बिऱ्हाडांना एकच. म्हणूनच सामान घेऊन येणारा मुलगा बिंदू हातात असूनही खालून फोन करतो आणि विचारतो, 'मॅडम, जवळ काय आहे?' त्या प्रश्नात स्थानपोथीची परंपरा जिवंत आहे. शेवटची तीस पावले अजूनही वाक्याचीच आहेत. मात्र हे वाक्य आता फोनवर हवेत विरते, कुठे लिहिले जात नाही. आणि बोलताना आपण खूण म्हणून सांगतो ते दुकानाच्या पाटीचे नाव, जे दोन वर्षांत बदलते. नकाशात रोमन लिपीतून फिरून आलेले गावाचे नाव कधी 'मंजर्ली' होते, कधी 'मांजरली'. आकडा बरोबर, नाव चुकीचे, अशी ही नवी अचूकता.

यात नुकसान केवळ स्मरणरंजनाचे असते तर सोडून देता आले असते. उल्हास नदी आम्हाला अधूनमधून दुसरा हिशेब विचारते. २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आले होते, हे नदीकडच्या वस्त्यांतले जुने लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे १०५० प्रवासी आत. गाडी कुठे आहे हा बिंदू साऱ्या देशाला माहीत होता. प्रश्न होता तिथवर पोचायचे कसे, उंचवटा कुठला, पाणी कुठून ओढ घेते. आपत्ती निवारण दल, नौदल, वायुदल आले. चामटोली परिसरातले ग्रामस्थही मदतीला धावले. बिंदूला उंची नसते, ऋतू नसतो, आठवण नसते. 'पावसात तिकडून जाऊ नका, वरच्या बांधाने या' हे वाक्य म्हणजे केवळ पत्ता नव्हे, जीव वाचवणारे ज्ञान आहे. ते वाक्य बोलणारी पिढी आता सत्तरीपुढची आहे, आणि ज्या नव्या इमारतींत माणसे राहायला आली त्यांना ते कोणी सांगितलेले नाही.

७. करण्यासारखे काही

जिओकॅशिंगकडून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. एखादी डबी नाहीशी झाली की तिचे पान पुसत नाहीत. 'नोंदवहीबंद' असा शिक्का मारून ते वर्णनासह, नोंदींसह ठेवतात. जागा गेली तरी तिच्याविषयीचे वाक्य राहते. स्थानपोथीने नकळत जे केले, ते या खेळाने नियम म्हणून केले.

आपल्या गावांसाठी असे पान हवे. त्यासाठी डबी लपवण्याची गरज नाही, परवानगीची नाही, मोठ्या खर्चाचीही नाही. वाचनालयात एक वही ठेवावी. त्यात एकेका जागेची नोंद, स्थानपोथीच्या क्रमाने : गावाची बाजू, खूण, खुणेपासूनची दिशा, आणि तिथे काय घडले. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहाव्यात, महानुभावांनी 'वासना' लिहिल्या तशा. पाणी कुठवर आले होते ते लिहावे. आकडाही लिहावा, डिजिपिन लिहावा. पण त्याच्या पुढे एक पुरे मराठी वाक्य असावे. ज्याने जागा पाहिली आहे त्याला विचारून लिहावे, आणि त्याच दिवशी जागेवर उभे राहून नव्हे, घरी परतून लिहावे.

मांजर्लीपुरती मी अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर विहिरीची नोंद आहे. ती नेमकी देवळाच्या कोणत्या कोनाला होती याविषयी दोन वृद्ध शेजारणींचे एकमत नाही. एकीच्या मते ईशान्येला, दुसरीच्या मते थेट पूर्वेला, कारण सकाळी पाणी भरताना ऊन समोरून येई. दोन्ही लिहिले आहे.